किल्लेकोट न केलेला राजा

सुलतान खानाच्या हेस्टिंग्जच्या त्या बुद्धिबळाच्या डावाचा विषय निघाला की डाव राहतो बाजूला आणि गोष्टच सुरू होते. पंजाबातल्या एका नवाबाचा नोकर. इंग्रजी येत नाही, बुद्धिबळाचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, इंग्लंडच्या थंडीनं सतत आजारी, गळ्याला फडकं गुंडाळून पटासमोर बसलेला. आणि समोर कोण, तर होसे राऊल कापाब्लांका. १९१६ ते १९२४ या काळात जो एकही डाव हरला नाही आणि १९२१ पासून १९२७ पर्यंत जगज्जेता होता, तो. नोकर जिंकतो, ऐकणारे 'काय सांगता!' म्हणतात, गोष्ट संपते. त्या माणसानं पटावर नेमकं काय केलं, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही.

मी काही मोठी खेळाडू नव्हे. बेळगावात टिळकवाडीत राहते, बँकेत नोकरी करते, रात्रीची आवराआवर झाली की जुने डाव मांडून बघते. नवऱ्याला वाटतं मी मोबाइलवर मालिका बघते. तर हा डाव मी पूर्वी दोन-तीनदा तरी बघितला असेन, आणि दरवेळी 'छान आहे, जरा रटाळ आहे' इतकंच मनात आलं होतं. तो खरा कळला नंदगडला, मामांच्या सोप्यात, त्यांच्या कापडी पटावर. त्या दुपारी मामांनी या डावावर जी टीका-टिप्पणी केली ती ऐकून माझं त्या नोकराच्या गोष्टीवरचं मनच उडालं.

आधी माणूस. मीर सुलतान खान, जन्म १९०३ च्या सुमाराचा, आजच्या पाकिस्तानातल्या मिठा टिवाणा गावचा. बुद्धिबळ वडिलांकडून शिकला, ते अर्थात देशी बुद्धिबळ. सर उमर हयात खान हे तिथले बडे जमीनदार, शौकीन गृहस्थ. त्यांनी या पोराला हाताशी धरलं आणि विलायती नियम शिकवायची व्यवस्था केली. १९२८ साली तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, नऊपैकी आठ डाव जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून. १९२९ ला साहेबांबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं. मग १९३२ ला परत, १९३३ ला परत. मधल्या काळात ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, इंग्लंडच्या संघाकडून पहिल्या पटावर खेळला. १९३३ च्या डिसेंबरात उमर हयात खानांबरोबर मायदेशी परतला आणि युरोपातल्या पटांवर पुन्हा दिसला नाही. पुरती पाच वर्षंही नाहीत.

'नोकर' हे प्रकरण बहुतेक रूबेन फाइनपासून पसरलं. हा अमेरिकन ग्रँडमास्टर १९३३ साली आपल्या संघाबरोबर उमर हयात खानांच्या लंडनमधल्या घरी जेवायला गेला होता, आणि तिथं सुलतान खान पाहुण्यांना वाढत होता, हे बघून आपण किती ओशाळलो ते त्यानं लिहून ठेवलं. सुलतान खानाच्या घरच्यांनी अलीकडे याला चांगलाच आक्षेप घेतलाय. त्यांचं म्हणणं, घराणं पिरांचं, घरची जमीन, नोकर कसला? मला फाइन खोटं बोलला असं वाटत नाही. पण आपल्याकडे घरी पाहुणे आले की घरचा पोरगा पंगतीत वाढायला उभा राहतो, त्याला कुणी नोकर म्हणत नाही, आणि हे न्यूयॉर्कच्या माणसाला कळायचं कारण नाही.

आता मामांचा पट. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. लावणी आटोपली की पुढचे कितीतरी दिवस बाहेर पडायची सोय नसते. करंट जातो तो दोन-दोन दिवस येत नाही. आमच्या लहानपणी त्या दिवसांत मामांच्या सोप्यात घोंगडं अंथरून डाव मांडलेला असायचा. पट म्हणजे जाड कापडाचा तुकडा, त्यावर दोऱ्यानं उभ्या-आडव्या रेघा शिवलेल्या. काळी-पांढरी घरं नाहीत. सगळी चौसष्ट घरं एकाच मळकट रंगाची. मोहरी लाकडी, कातलेली, एका बाजूची लाल रंगाची, दुसरीची हिरवी; उंट आणि वजीर इतके सारखे की नवख्यानं हमखास फसावं. वजिराच्या डोक्यावर नुसती एक बारीक गाठ जास्त, ती बोटानं चाचपून बघायची.

या बिनरंगी पटावर उंटाची तिरकी चाल दिसणं किती अवघड असतं हे एकदा करून बघाच. शाळेतल्या पटावर माझा उंट काळ्या घरातला, तुझा पांढऱ्या घरातला, हे डोळे आपोआप सांगतात. कापडी पटावर ते डोक्यातच ठेवावं लागतं. मामांना तो प्रश्न कधी पडलाच नाही. उलट मी एकदा बेळगावहून गणपत गल्लीतला छापील पट नेला, तर त्यांनी तो दोन डाव खेळून परत दिला. "डोळ्यास्नी त्रास होतोय गं, सगळं हलल्यासारखं दिसतंय."

नियमही वेगळे. प्यादं एकदा एकच घर चालणार, पहिल्या खेळीतसुद्धा. किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजाला कोपऱ्याकडं हत्तीच्या आड नेणं, नाहीच. त्याऐवजी राजाला सगळ्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा, तीही शह बसायच्या आत. एकदा शह बसला की उडी गेली. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो मोहरा मिळणार नाही. ज्याच्या घरात पोचलं तोच. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. म्हणजे डावाच्या शेवटी कुठलं प्यादं पुढं काढायचं याचा हिशोब बराच आधी करावा लागतो, कारण वजीर हवा असेल तर वजिराच्याच रांगेतलं प्यादं जपायला हवं. आणि जिंकण्याच्याही प्रती. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला तर ती बुर्जी, म्हणजे जिंकलास खरा, पण मिशीला पीळ देण्यासारखं त्यात काही नाही. मात केली तर बरं. आणि प्याद्यानं मात केली तर गल्लीभर चर्चा.

शिवाय हे नियम गावोगाव थोडे वेगळे. मामांचे जोडीदार बैलहोंगलकडचे, कानडी बोलणारे, धान्याच्या व्यापारात त्यांची ओळख झालेली. त्यांच्याकडे ठराविक प्याद्यांना पहिल्यांदा दोन घरं चालायची सवलत होती. मग डाव मांडण्याआधी अर्धा तास दोघांची नियमांवरून वादावादी, एक मराठीत, एक कानडीत, मध्ये मामी चहा ठेवून जायच्या. शेवटी काहीतरी ठरायचं: आज तुझे नियम, उद्या माझे. वाद मिटला की दोघंही तितक्याच ताकदीनं खेळायचे. सीमाभागातल्या माणसाला दोन नियमांत वावरायची सवय असतेच, पण तो विषय आज नको.

हे एवढं सांगायचं कारण असं की, 'विलायती नियम नुकतेच शिकलेला माणूस' याचं जे अप्रूप वाटतं, ते मामांना जराही वाटलं नाही. त्यांच्या लेखी नियम म्हणजे डाव मांडण्याआधी ठरवायची गोष्ट. ठरवले, संपलं, आता खेळ.

तर तो डाव. १९३०-३१ ची हेस्टिंग्जची ख्रिसमस स्पर्धा. माक्स यूवे पहिला, कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा, असा पुढं निकाल लागला. या डावात सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला. काळ्याकडून कापाब्लांकानं जो बचाव घेतला त्याचं नाव क्वीन्स इंडियन, म्हणजे वजिराकडचा भारतीय बचाव! भारतातून आलेल्या माणसाविरुद्ध क्यूबाच्या माणसानं भारतीय बचाव घ्यावा. आणि हे नाव नुसतं कुणाला तरी सुचलं म्हणून पडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे बॅरिस्टर होते, आपल्या काळातले नावाजलेले खेळाडू. ते महेशचंद्र बंदोपाध्याय नावाच्या बंगाली गृहस्थांबरोबर वर्षानुवर्षं खेळले आणि ते डाव विलायतेत छापून आले. महेशचंद्र देशी खेळात मुरलेले. प्यादी एकेक घर पुढं सरकवायची, बाजूचं प्यादं एक घर हलवून उंटाला कोपऱ्यातल्या लांब तिरक्या रांगेत बसवायचं, मधली जागा समोरच्याला घेऊ द्यायची आणि नंतर तिच्यावर तुटून पडायचं. प्यादं एकच घर चालतं म्हटल्यावर माणूस दुसरं करणार काय? युरोपियनांना तेव्हा हे विचित्र वाटलं. आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून जो ओळखला जातो त्याचा नोंदवलेला पहिला डाव १८५५ सालचा, याच महेशचंद्रांचा. एका ऑस्ट्रियन माणसाच्या नावावर तो चढला ते पुढं १९२२ नंतर.

म्हणजे देशी खेळाला पद्धत नव्हती, नुसतं उपजत डोकं होतं, हे म्हणणंच टिकत नाही.

पट मांडला. मामांच्या सवयीनं राजासमोर वजीर येईल असा, मग मी तो विलायती पद्धतीनं राजासमोर राजा असा करून घेतला, त्यावर एक नापसंतीचा हुंकार. मी मोबाइलवरून खेळ्या वाचायची, मामा दोन्ही बाजूंची मोहरी हलवायचे. प्यादी दोन घरं गेली की दरवेळी तोंड वाकडं.

सुरुवात साधी. काळ्यानं आठव्या खेळीला किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुरक्षित नेला. पांढऱ्यानं तसं केलं नाही. बाराव्या खेळीला त्याचा घोडा बी५ वर गेला (उभ्या रांगांना ए ते एच आणि आडव्यांना पांढऱ्याच्या बाजूनं एक ते आठ, अशी घरांची नावं) आणि पुढच्या खेळीला डी६ वरचा काळा उंट मारून स्वतः मेला. मामा म्हणाले, "उंटाला घोडा दिला. दोन उंट राहिले ह्याच्याकडं." बरोबर होतं. पुढं सगळ्या डावात ते दोन उंट कापाब्लांकाला नडले, कारण काळ्याचा उरलेला उंट बी७ वर आपल्याच प्याद्यांच्या भिंतीमागं अडकून पडला होता. मग पांढऱ्यानं राजाकडची प्यादी पुढं दामटली. चौदाव्या खेळीला एच४, एकोणिसाव्या खेळीला जी४, विसाव्याला जी५. राजा अजून आपल्या मूळ घरात, उघड्यावर.

जी४ ला मामा थांबले. "हे काय घाईचं काम? ह्याला कोण मागं लागलंय?" मला वाटतं मामांचं चुकलं. त्या प्याद्यानं जी५ वर येऊन काळ्याचा घोडा एफ६ वरून हाकलला, तो ई८ ला परत गेला, आणि जी४ चं घर मोकळं झालं. त्या घरात एकविसाव्या खेळीला पांढरा उंट येऊन बसला, थेट सी८ वरच्या हत्तीवर डोळा ठेवून. मी हे सांगितलं तर मामा म्हणाले, "असू दे. तरी घाईचंच."

इथं कापाब्लांकानं जे केलं त्यासाठी हा डाव लोकांच्या लक्षात राहिलाय. त्याचे दोन्ही हत्ती सी च्या उभ्या रांगेत एकामागे एक उभे होते, मोकळी रांग, पांढऱ्याचा राजा ई१ वर. त्यानं पुढचा हत्ती पार सी१ वर नेऊन शह दिला. शह बसल्याबरोबर मामा म्हणाले, "संपली ह्याची उडी." मी म्हटलं, "मामा, ह्या खेळात उडी नसतेच." "तेच म्हणतोय मी. मग आता चालतच जाणार की."

आणि राजा चालतच गेला. डी२ वर. काळ्याचा दुसरा हत्ती सी२ वर, परत शह. पांढऱ्यानं वजिरानं तो हत्ती मारला, काळ्याच्या हत्तीनं वजीर मारला, राजानं तो हत्ती मारला. धूळ खाली बसल्यावर हिशोब असा: पांढऱ्याचा वजीर गेला, काळ्याचे दोन्ही हत्ती गेले. पुस्तकी मोजमापानं वजिराचे नऊ गुण आणि दोन हत्तींचे दहा. फरक फार नाही, आणि राजा असा मैदानात उभा असताना वजीरवाल्याची चैन असते असा सर्वसाधारण समज. कापाब्लांका चुकून यात सापडला असं मला वाटत नाही, त्यानं हे सगळं आधीच बघून ठेवलं असणार. दोन हत्ती देईन, वजीर घेईन, वजिरानं सी७ वरून शह देऊन सी४ ला आत घुसेन, उघड्या राजाला हैराण करेन. युरोपातल्या कुठल्याही चांगल्या खेळाडूला हे पटलं असतं.

तो घुसलाही. सी७ वरून शह, राजा परत डी२ वर. वजीर सी४ वर. पांढरा उंट मागे येऊन ई२ वर, वजिरावर. वजीर बी३ वर, बी२ च्या प्याद्यावर नजर. पांढऱ्याचा हत्ती ए१ वरून बी१ ला, प्याद्याला जोर. संपलं. वजीर ऐन पांढऱ्याच्या घरात उभा आहे आणि त्याला मारायला काहीच नाही. प्रत्येक प्याद्याला जोर आहे. शह द्यायला घर नाही. ज्या राजाला हैराण करायचं होतं तो डी२ वर उभा राहून ई३ चं प्यादं सांभाळतोय, म्हणजे कामावर आहे.

मामा या जागी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वजिराच्या डोक्यावरची गाठ बोटानं फिरवली आणि म्हणाले, "राजा बाहेर आला म्हणजे मेला, असं ह्याला कुणी सांगितलं?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की विलायती शिकवणीत ते पहिल्या आठवड्यातच सांगतात. लवकर किल्लेकोट कर, राजा कोपऱ्यात ने, मग बाकीचं. बेळगावातल्या उन्हाळी शिबिरात पोरांकडून हे पाढ्यासारखं घोकून घेतलेलं मी ऐकलंय. मामांच्या खेळात कोपरा नाहीच. तिथं राजा सुरुवातीपासून मध्यावर, समोरचा वार कधी येईल ते बघत, एकेक घर सरकत, कधी एकदाची ती उडी वापरत आपली जागा शोधतो. असे कितीतरी डाव खेळलेल्या माणसाला डी२ वरच्या राजाची भीती वाटणार नाही. त्याला ते रोजचं. कापाब्लांकानं ज्या चित्रावर भरवसा ठेवला, उघडा राजा म्हणजे धोक्यातला राजा, ते चित्र समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं नव्हतंच. मला या डावाचं खरं मर्म इथं वाटतं. सुलतान खान विलायती बुद्धिबळ कमी शिकला होता म्हणून जिंकला, असं मी म्हणत नाही. त्याला विलायती खेळातली एक पक्की खात्री नव्हती आणि तिच्या जागी देशी खेळातली दुसरी होती, आणि या पटावर ती दुसरी खरी ठरली.

त्याच्याकडे नव्हतं ते म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांचं ज्ञान. ते खरंच कच्चं होतं, त्याचे डाव बघितले की दिसतं. पहिल्या दहा-बारा खेळ्यांत तो अनेकदा वाईट जागी सापडायचा. ते तर साहजिकच आहे, प्यादी एकेक घर चालणाऱ्या खेळात सुरुवातीला कुणी कुणावर चालून जात नाही, दोघंही आपापलं घर लावून घेतात. त्याची ताकद त्यापुढं, मधल्या डावात आणि शेवटाकडं. प्राग ऑलिंपियाडमध्ये १९३१ साली त्यानं अकिबा रुबिनस्टाइन आणि सालो फ्लोर या तेव्हाच्या दोन्ही बड्या खेळाडूंना हरवलं. त्याच वर्षी तसाच नावाजलेला सावियेली तार्ताकोवर याच्याबरोबरचा सामना जिंकला. ही काही एका दिवसाच्या नशिबाची यादी नाही.

पुढं अठ्ठाविसाव्या खेळीला पांढऱ्याचा हत्ती सी च्या रांगेत आला, त्याच रांगेत, जी थोड्याच वेळापूर्वी कापाब्लांकाच्या हत्तींची होती. एकोणतिसाव्याला तो सी३ वर चढला, वजिराला ए४ कडे हलावं लागलं, मग बी४ आणि वजीर मागे डी७ ला. इथं मामा उठले. "झालं की. आता काय राहिलं?"

राहिल्या होत्या पस्तीस खेळ्या. डाव पासष्टाव्या खेळीपर्यंत गेला आणि मग कापाब्लांकानं हार मानली. मी पूर्वी हा डाव बघताना इथूनच पुढं कंटाळत असे. दोन हत्ती, दोन उंट आणि एक चालता राजा हळूहळू सगळ्या वाटा बंद करत नेतात, काळ्याचा वजीर इकडून तिकडं फिरतो, घोडा-उंट मागं बसून राहतात, आणि कुठंही एक ठळक घाव दिसत नाही. त्या दिवशी मी मामांना परत बसवलं आणि शेवटपर्यंत खेळ्या वाचल्या. पावसामुळं त्यांनाही दुसरा उद्योग नव्हता. त्यांना त्यातली एकही खेळी रटाळ वाटली नाही. प्रत्येक खेळीला 'हं, हे दार लावलं', 'हे राहिलंय अजून' असं चाललेलं. आता हल्लीच्या पोरांना, माझ्या भाच्यासकट, तीन मिनिटांचे डाव खेळायची सवय. गुकेशनं २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला जगज्जेतेपद घेतल्यापासून तर शिबिरांना जागा मिळेना झाल्यात. चांगलंच आहे. पण गुकेशचा तो शेवटचा, चौदावा डावसुद्धा असाच होता: पन्नासहून जास्त खेळ्या काही नाही, काही नाही, सगळे बरोबरी म्हणून मोकळे झालेले, आणि पंचावन्नाव्या खेळीला तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनच्या हत्तीनं एक चुकीचं घर घेतलं. तो जिंकायला गुकेशला आधीच्या चोपन्न खेळ्या कंटाळा न करता खेळाव्या लागल्या. भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि तीन मिनिटांचा पुढचा डाव सुरू केला.

मामींना या सगळ्यात एकच गोष्ट आवडली, ती फातिमाची. सुलतान खानाबरोबर त्याच घरातून लंडनला गेलेली ही तरुण मुलगी. तिनं १९३३ साली ब्रिटिश महिलांचं अजिंक्यपद जिंकलं, ज्या वर्षी सुलतान खानानं पुरुषांचं तिसऱ्यांदा जिंकलं त्याच वर्षी. तिलाही पुस्तकांत 'नोकराणी' म्हणतात. मामी म्हणाल्या, "बायकांनी खेळायचं म्हटल्यावर चहा कुणी करायचा, म्हणून म्हणत असतील." मामी स्वतः कधी पटावर बसल्या नाहीत, पण सोप्यातून जाता-येता डावात काय चाललंय ते त्यांना कळायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मामा अडले की त्या चहाचा कप मुद्दाम एखाद्या मोहऱ्याजवळ ठेवायच्या. आमच्या लहानपणी वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या बहिणींचे फोटो पेपरात यायचे. १९७४ ला बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली होती. ती कात्रणं मामींनी ट्रंकेत ठेवलेली मला माहीत आहेत. मामांना माहीत नसावीत.

आणि खाडिलकरांवरून आठवलं. परत आल्यावर सुलतान खान पार गप्प झाला असं सांगतात, पण १९३५ साली तो व्ही. के. खाडिलकर या आपल्याकडच्या नामवंत खेळाडूबरोबर दहा डावांचा सामना खेळला. नऊ जिंकला, एक बरोबरीत. मग शेती, घर, मुलंबाळं. त्यानं आपल्या मुलांना बुद्धिबळाकडं वळवलं नाही. आयुष्यात याहून उपयोगाचं काहीतरी करा म्हणाला. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघानं पहिल्यांदा ग्रँडमास्टर ही पदवी दिली तेव्हा त्याच्याशी हरलेल्या रुबिनस्टाइन, तार्ताकोवर यांची नावं त्या यादीत होती, त्याचं नव्हतं. १९६६ साली तो गेला. २०२४ मध्ये महासंघाला जाग आली आणि त्याला मानद ग्रँडमास्टर केलं. मामांना मी हे सगळं सांगितलं, पदवीचं तर मुद्दाम आवाज चढवून सांगितलं. मामा पटावरची मोहरी पिशवीत भरत होते. पदवीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"खाडिलकरांनी एक डाव बरोबरीत सोडवला म्हणालीस न्हवं?"

"होय की."

"मग तेवढा कुठं मिळतोय बघ. बाकीचे नऊ राहू देत."